कराओकेच्या मैफलीत ऐकलेला कोणता हौशी गायक तुमच्या कायम लक्षात राहिला?

इंदूरला राजेंद्रनगरमध्ये आमचा एक कराओकेचा गट आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो. मी गात नाही. मी लॅपटॉपवर बसते: ट्रॅक, म्हणजे आवाजाशिवायची नुसती साथ, लावते, पट्टी (गाण्याचा मूळ सूर) खाली-वर करते, माइक सांभाळते. २०१२पासून हेच करतेय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. एकावर भागत नाही, तिघांबद्दल सांगते. नावं मात्र लिहीत नाही, घरातली माणसं आहेत ती.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. पेटी-तबल्यावर गाताना साथीदाराचं लक्ष गाणाऱ्याकडे असतं. गाणाऱ्याला दम लागला, शब्द आठवेना, एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली, तर तबलजी आणखी एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, ठेका धरतो. ट्रॅक कुणाचं ऐकत नाही. मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) झाला की ठरल्या लांबीचं म्युझिक आणि लगेच अंतरा (पुढचं कडवं), मग तुम्ही तयार असा की नसा. आमच्याकडे मूळ गाण्यातली प्रत्येक मुरकी घोटून येणारे पुष्कळ आहेत. ते छान गातात, मी मनापासून दाद देते. पण घरी जाऊन भांडी आवरताना जे गाणं कानात राहतं ते त्यांचं नसतं. ते अशा माणसाचं असतं, ज्याने त्या न ऐकणाऱ्या साथीशी स्वतःचं काहीतरी जमवलेलं आहे.

पहिले परदेशीपुऱ्याचे काका. तरुणपण सगळं कापडाच्या गिरणीत लूमवर, म्हणजे मागावर, गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा ते चाळिशीत होते. लूमच्या खात्यात इतका आवाज असतो की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात. पंचवीस वर्षं त्यात काढल्यावर काकांचे कान गेले. अगदी ठार बहिरे नाहीत, पण बारीक आवाज, बासरी, व्हायोलिन, घुंगरू त्यांना ऐकूच येत नाही. आणि गाणी सगळी मुकेशची. ती ते मशीन चालू असताना मोठ्याने म्हणायचे, कारण तिथे कुणाला त्रास व्हायचा प्रश्नच नव्हता. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात, त्यांच्यापुढेही रात्र रात्र गायलेले.

पहिल्यांदा आले तेव्हा अंतरा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्या वेळी ते माइक घेऊन मधोमध उभे न राहता थेट स्पीकरपाशी गेले आणि डावा तळहात त्या खोक्यावर सपाट ठेवला. ढोलकचा ठोका त्यांना हातातून कळत होता. म्युझिकच्या आवर्तनांत बोटं किंचित हलत होती, आणि अंतऱ्याच्या पहिल्या शब्दावर ते असे आले की मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी 'वाह' म्हणून गेलं. त्यांच्या गाण्याच्या वेळी मी खर्ज वाढवून द्यायला लागले, माइक लांब धरायला सांगायला लागले, कारण आवाज अजून गिरणीतलाच होता. २७ ऑगस्टला मुकेशच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं त्यांचं असायचं. शब्द काही ठिकाणी वेगळे असत. मशीनच्या आवाजात जसे ऐकले तसे पाठ झालेले, आणि पडद्यावरचे शब्द वाचायला ते कधी वळून बघत नसत. ते शब्द आम्ही कुणी दुरुस्त केले नाहीत. मला ते चुकीचे वाटतही नाहीत.

दुसरा एक तरुण. महापालिकेच्या कचरागाडीवर चालक आहे. इंदूर २०१७पासून स्वच्छतेत पहिलं येतंय हे सगळ्यांना माहीत आहे; पण त्या गाडीवर सकाळी सहापासून तेच एक गाणं भोंग्यावर वाजत असतं आणि चालकाच्या कानाशी ते दिवसभर असतं, हा विचार मी त्याला भेटेपर्यंत केला नव्हता. "मॅडम, आवाज थोडा कम रखना. सुबह से भोंगा सुन रहा हूँ." हे त्याचं पहिलं वाक्य. तो तलत महमूदची गाणी गातो, इतकी हळू की पंखा बंद करावा लागतो. एरवी गाणं चालू असताना मागे कचोरीच्या प्लेटा फिरत असतात. तो गातो तेव्हा कुणी प्लेट उचलत नाही. पट्टी बदलायला सांगत नाही, इको नको म्हणतो. गाणं झालं की माइक ठेवून निघतो, पहाटे उठायचं असतं.

आता काकू. खरं तर हे उत्तर त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं.

काकू आमच्याच कॉलनीत राहतात. लहानपणी शास्त्रीय गाणं शिकलेल्या. हे गाव उस्ताद अमीर खाँचं. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत एकेक स्वर उलगडत न्यायचा आणि श्रोत्याने वाट बघायची, ही इथल्या जुन्या कानांना लागलेली सवय. काकूंच्या गुरूंची शिकवण त्याच वळणाची. लग्नानंतर गाणं देवघरापुरतं राहिलं. सासूबाई गेल्या, मुलं पुण्याला गेली, आणि २०१४ साली साठी उलटलेल्या काकू एका शनिवारी आमच्याकडे आल्या, हातात एक दोनशेपानी वही घेऊन.

त्यांनी लताबाईंचं, संगीतकार मदनमोहनकडचं एक गाणं निवडलं होतं. मुखडा असा लागला की मी लॅपटॉपवरून मान वर केली. आणि मुखड्याच्या शेवटच्या स्वरावर काकू थांबल्या. तो स्वर त्यांना सोडवेना. ट्रॅक पुढे गेला, सतारीचा तुकडा झाला, अंतऱ्याची जागा आली आणि निघूनही गेली. काकूंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा वाजवणारा ऐकत नाही का गं?"

पुढचे तीन-चार महिने त्या आल्या, बसल्या, गायल्या नाहीत. नुसतं ऐकायच्या आणि वहीत लिहायच्या. नंतर मला वही दाखवली तेव्हा कळलं, त्या मात्रा मोजत होत्या. प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेलं: मुखड्यानंतर केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) किती आवर्तनं, अंतऱ्याआधी किती, दुसऱ्या अंतऱ्याआधी किती. मग एके दिवशी तेच गाणं पुन्हा गायल्या. स्वर तितकाच लांबवला, पण त्याची किंमत पुढच्या ओळीतून वळती केली: दोन शब्द जवळ घेतले, एक श्वास गाळला आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर आल्या. मूळ गाण्यात नसलेली जागा ट्रॅकला धक्का न लावता त्यांनी आत बसवली होती. मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी ट्रॅकच्या आत सवड काढताना ऐकलं.

वहीत आणखी एक रकाना होता, पट्टीचा. हा आमच्या कामाचा भाग, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची पट्टी एकेक स्वराने, म्हणजे बाजाच्या एकेका पट्टीने, खाली किंवा वर करता येते. पूर्वी कॅसेट हळू चालवली की पट्टी उतरायची पण लयही मंदावायची; आता लय तशीच ठेवून फक्त पट्टी बदलते. एक-दोन स्वर उतरवलं तर कानाला कळत नाही. चार-पाच उतरवलं की तबला घुमायला लागतो, व्हायोलिनं जड होतात, सगळं ओल्या गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. आणि जुन्या गाण्यांचे ट्रॅक मुळात पुन्हा वाजवून केलेले असतात, कारण ती रेकॉर्डिंग बहुतेक मोनो. स्टिरिओ गाण्यात आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून एक बाजू दुसरीतून वजा केली की तो बराचसा जातो. मोनोमध्ये हे जमत नाही, दोन्ही बाजू सारख्याच, वजा केलं तर हाती शून्य. आता नव्या यंत्रणा मोनोमधूनही आवाज वेगळा काढतात, पण आमच्या संग्रहातले ट्रॅक कुणीतरी कीबोर्डवर मन लावून वाजवलेले आहेत, आणि मला ते आवडतात.

काकूंच्या रकान्यात २०१४ला शून्य होतं. २०१६ला उणे एक. २०१८ला उणे दोन. प्रत्येक वेळी त्या तारीख टाकायच्या, वर दुःखाचा एक शब्द नाही. वय वाढलं की आवाज उतरतो, घरातल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात कमी व्हावं तितक्या सहज त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. कोविडनंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "चार उतरव." मी उतरवलं. काकू नीट गायल्या, पण मला ट्रॅकची लाज वाटली, इतका तो वाईट वाजत होता.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लताबाई गेल्याची बातमी सकाळीच आली होती. त्या जन्मल्या इंदूरच्या, २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ल्यात. त्यामुळे शहरात त्या दिवशी प्रत्येक घरातलंच कुणी गेल्यासारखं होतं. काही न ठरवता संध्याकाळी आम्ही पंधरा-सोळा जण काकूंच्या गच्चीवर जमलो. मी लॅपटॉप नेला होता, सवयीने. सगळ्यांना वाटलं काकू गातील. त्यांनी माइक घेतला नाही. म्हणाल्या, "ट्रॅक लाव. मूळ पट्टीत. आज कुणी गायचं नाही."

लावला. कराओके हा जपानी शब्द, 'कारा' म्हणजे रिकामा आणि पुढे ऑर्केस्ट्राचं संक्षिप्त रूप, रिकामी ऑर्केस्ट्रा. दहा वर्षं ट्रॅक लावूनही मी त्या शब्दाचा अर्थ त्या संध्याकाळपर्यंत ऐकला नव्हता. सुरुवातीची सतार झाली, ठेका सुरू झाला आणि जिथे आवाज यायला हवा तिथे काही आलं नाही. मुखडा, म्युझिक, अंतरा, सगळं आपापल्या जागी येत गेलं. कुणाचे ओठ हलत होते, कुणी मान खाली घातली होती. काकू गच्चीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि तळव्यावर बोटांनी मात्रा मोजत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनीच चहा टाकला.

मागच्या वर्षी काकूंनी वहीत उणे पाच लिहिलं. मला त्या वाईट वाजणाऱ्या ट्रॅकवर त्यांना पुन्हा उभं करायचं नव्हतं. आणि मला दाइसुके इनोऊएची गोष्ट आठवली. कोबे शहरात बारमध्ये गाणाऱ्यांना साथ करणारा हा वादक. एका गिऱ्हाइकाला प्रवासात त्याची साथ हवी होती, त्याला जाणं जमणार नव्हतं, म्हणून त्याने साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून १९७१ साली त्याने नाणं टाकून चालणारं कराओकेचं यंत्र केलं, पेटंट मात्र घेतलं नाही. ज्या कराओकेला आपण 'कुणासाठी न थांबणारी' म्हणतो, तिच्या आधीची ती टेप एका माणसासाठी वाजवलेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या गटात एक मुलगा कीबोर्ड वाजवतो, त्याच्या ओळखीचा एक तबलजी आहे. दोघांना घरी बोलावलं. पाच स्वर उतरवून गाण्याची पट्टी बाजाच्या काळी एकवरून (पहिल्या काळ्या पट्टीवरून) खालच्या काळी चारवर आली होती, आणि काकू गुरूंकडे शिकल्या होत्या त्याही याच पट्टीत. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या फक्त "हो का," म्हणाल्या आणि आत जाऊन तंबोरा पुसून आल्या. दोन रविवार लागले. मुखड्याच्या शेवटच्या स्वरानंतर आम्ही केरव्याचं एक आवर्तन जास्त ठेवलं, नुसता ठेका, वर काही नाही. काकूंना हे सांगितलं नव्हतं.

२८ सप्टेंबरला त्या गायल्या. तो स्वर लागला, त्यांनी धरला, आणि सवयीने पुढच्या शब्दाकडे झेपावणार तेवढ्यात ठेका त्यांची वाट बघत तसाच चालू असलेला त्यांच्या कानावर आला. त्या तिथेच राहिल्या. पूर्ण आठ मात्रा. मग अंतरा घेतला.

तो ट्रॅक लॅपटॉपवर 'काकू काळी ४' या नावाने आहे. गटातल्या दोघींनी त्यावर गाऊन बघितलं. पट्टी दोघींनाही सोयीची, पण त्या जादा आवर्तनात दोघीही लवकर सुटतात.