ऑस्ट्रेलियाचा रीस वॉल्श इतक्या कमी वयात रग्बी लीगमधला एवढा मोठा खेळाडू कसा झाला?

मुख्य कारण म्हणजे अठराव्या वर्षी त्याने घरचा क्लब सोडून जिथे लगेच मैदानात उतरता येईल तिथे जायचं ठरवलं. ब्रिस्बेन ब्रॉन्कोजमध्ये त्याला वरच्या संघात जागा मिळाली नव्हती. न्यूझीलंड वॉरियर्सने एप्रिल २०२१ मध्ये थेट मेलबर्न स्टॉर्मविरुद्ध उतरवलं. जेमतेम सात सामन्यांनंतर क्वीन्सलंड राज्याने स्टेट ऑफ ओरिजिनसाठी (क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियन राज्यांमधली दरवर्षीची मालिका) निवडलं, पण मांडीचा स्नायू दुखावल्याने ते पदार्पण २०२३ वर गेलं. त्याच वर्षी तो ब्रॉन्कोजकडे परतला.

दुसरं कारण त्याची मैदानावरची जागा, फुलबॅक. एनआरएलचे (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या क्लबांची मुख्य रग्बी लीग स्पर्धा) सामने मी नेमाने बघतो, आणि माझ्या मते फुलबॅकला तरुण पाय सर्वांत जास्त उपयोगी पडतात. तो सगळ्यांच्या मागे उभा असतो, त्यामुळे उंच किक झेलणं आणि शेवटचा टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं) त्याच्याकडे. शिवाय आक्रमणात धावत येऊन पास द्यायचा. वॉल्शचा वेग इथे पुरेपूर वसूल होतो. २०२५ च्या अंतिम सामन्यात ब्रॉन्कोजने स्टॉर्मला २६-२२ हरवलं, तेव्हा सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं. काय खेळला तो त्या दिवशी!

मात्र ही चढण सरळ नव्हती. जोखमीच्या पासमुळे त्याच्या हातून चुकाही होतात, आणि २०२३ च्या अंतिम सामन्यात २४-८ अशी आघाडी घेऊनही त्याचा संघ पेनरिथ पँथर्स या क्लबकडून २६-२४ हरला होता.