मूल बालगृहात, झोप उडालेली

प्रश्न : नवऱ्याच्या दारूपायी बाल कल्याण समितीने माझ्या ६ वर्षांच्या मुलाला बालगृहात ठेवलंय. झोपच लागत नाही. गोळ्या घेतल्या तर ‘वेडी’ ठरवतील का?

उत्तर : ताई, केवळ गोळ्या घेता म्हणून नाही, मुलाला सांभाळता येतं का, हे पाहिलं जातं. उलट, न झोपलेली आई चौकशीत तारखा विसरते, चिडते आणि तेच अहवालात उतरतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फुकट फोन करा; जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं. मुलाला भेटण्याचा अर्ज समितीला लेखी द्या, पोच घ्या. भेटीत ‘उद्या नेते’ म्हणू नका. परतल्यावरची संध्याकाळ फार जड जाते, तेव्हा कुणाला तरी सोबत बोलवा.