वावरात पडणारे लेआऊट आणि नगररचनेचं शिक्षण

पत्र: आमचं गाव कारंजा (लाड) तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून जवळ. रस्ता झाल्यापासून आजूबाजूच्या वावरांत लेआऊट पडत आहेत. मागच्या पावसाळ्यात एका लेआऊटच्या मुरमानं नाला बुजला आणि आमच्या तुरीत पाणी साचलं. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. तेव्हापासून ती जपान, इंग्लंडमध्ये जमिनीचा वापर कोण ठरवतं हे मोबाइलवर वाचत असते आणि म्हणते, मला नगररचना शिकायची. माझं म्हणणं, सरळ इंजिनीअरिंग कर. हे तर शहराचं शिक्षण. खेड्यातल्या पोरीला त्यात नोकरी कुठं मिळणार? आणि परदेशातले कायदे वाचून इथं काय उपयोग? – एक शेतकरी पालक

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

तिला शिकू द्या. इंजिनीअरिंगची वाटही सोडायला लावू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, ते पुढे सांगतो. आधी ‘शहराचं शिक्षण’ या तुमच्या शंकेबद्दल, कारण खरी अडचण तिथंच आहे.

शेजारच्या वावरात प्लॉट पडले ते आपोआप नाही पडले. कायदेशीर लेआऊट असेल तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे महसूलकडून अकृषक (बिगरशेती, म्हणजे एनए) परवानगी आणि नगर रचना विभागाकडून आराखड्याची छाननी, या दोन्ही पायऱ्या त्यानं चढलेल्या असतात. प्लॉटवाले पाटीवर ‘एनए टीपी’ लिहितात ते हेच. त्या आराखड्यावर कोणीतरी सही केली. सातबाऱ्यावर नाला कुठून वाहतो ते कळत नाही. गाव नकाशावर कळतं, आणि किती पाणी वाहतं ते जुलैत बांधावर उभं राहिल्यावरच कळतं. सही करणाऱ्याला ही जाण असती तर आराखड्यात नाल्याची जागा मोकळी सुटली असती आणि तुमच्या तुरीत पाणी साचलं नसतं. तुमच्या मुलीला जे काम करायचं आहे ते नेमकं हे आहे. आपल्याकडचा 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम फक्त शहरांसाठी नाही. प्रादेशिक योजनेत खेडी येतात. कुठली जमीन शेतीची राहील, उद्योग कुठे, रस्ता कुठून, हे त्यात ठरतं. मात्र ते ठरवणाऱ्या टेबलावर वावर ओळखणारी माणसं फार कमी असतात. म्हणून तिच्यासारख्या मुलींनी तिथं जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

आता परदेशी कायद्यांचं. ती वाचते ते वाया जात नाही. इंग्लंडनं 1947 च्या कायद्यानं जमीन मालकाचीच ठेवली, पण तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क सरकारच्या परवानगीशी बांधला. चीननं शेतजमीन सुमारे 12 कोटी हेक्टरच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी देशासाठी लाल रेषा आखली आहे. स्वित्झर्लंडमध्ये संघराज्यानं 1979 मध्ये कायदा करून बांधकामाची जमीन आणि शेतीची जमीन वेगळी केली. आपल्याकडे जमीन हा राज्यांचा विषय. केंद्रानं 2013 मध्ये राष्ट्रीय भूमी वापर धोरणाचा मसुदा काढला होता, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तुमच्या वावराचं भवितव्य दिल्लीत ठरत नाही. ते ठरतं मुंबईच्या मंत्रालयात, पुण्याच्या नगर रचना संचालनालयात आणि वाशिमच्या जिल्हा कार्यालयांत. नोकऱ्याही तिथंच आहेत.

तिला जपानचा अभ्यास जरा खोलात करायला सांगा. तिथं 1968 च्या कायद्यानं शहराभोवतीची जमीन दोन भागांत वाटली: एकीकडे वस्ती वाढू द्यायची, दुसरीकडे रोखायची. पुढे 2000 साली कायद्यात ढील दिली, तेव्हा रोखलेल्या भागातही कितीतरी ठिकाणी सुटीसुटी घरं उभी राहिली. कायदा नीट असला तरी सवलतीच्या कलमातून काय निसटतं, ते यातून शिकता येतं.

दुसरी गोष्ट तिथली जमीन-पुनर्रचना. एखाद्या भागातले सगळे मालक आपापल्या जमिनीतला हिस्सा रस्ते, बागा, नाल्यांसाठी देतात आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या प्लॉटच्या रूपात परत घेतात. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोचा मोठा भाग असाच पुन्हा वसवला. आपल्या 1966 च्या कायद्यातही नगररचना योजना म्हणून ही सोय आहे. पनवेलकडच्या नैना क्षेत्रात सिडको त्याच पद्धतीनं योजना करतं आणि तिथं मालकाला 40 टक्के जमीन विकसित प्लॉट म्हणून परत मिळते. तुमच्या भागात समृद्धीसाठी सुरुवातीला अशीच भूसंचयाची योजना मांडली होती. शेतकऱ्यांचा विश्वास बसला नाही, विरोध झाला आणि शेवटी बहुतेकांनी थेट खरेदीचे पैसे घेतले. विश्वास का बसला नाही? माझ्या मते परत मिळणारा प्लॉट कुठे, केव्हा आणि कोणत्या भावाचा, हे गावात बसून समजावून सांगणारा माणूसच नव्हता. हा प्रश्न तिनं डोक्यात ठेवून शिकावं. पुस्तकातून त्याचं पूर्ण उत्तर मिळायचं नाही.

आता वाटा. बारावीला गणित आहे, म्हणजे जेईई मेनचा पेपर 2बी तिला देता येतो. त्यात गणित, अभियोग्यता चाचणी आणि नियोजनावरचे प्रश्न असतात. त्या गुणांवर दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये बी.प्लॅनिंगला प्रवेश मिळतो. त्याच वर्षी तिनं एमएचटी-सीईटीही द्यावी. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल मिळालं तर तेही नगररचनेचंच दार आहे. सिव्हिल करून गेट ही एम.टेकच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत अर्बन प्लॅनिंगचं एम.टेक करायचं.

मला विचाराल तर दिल्ली किंवा भोपाळ मिळालं तर डोळे झाकून पाठवा. नाही मिळालं तर सिव्हिल. सिव्हिलची पदवी हातात असली की पुढे मन बदललं तरी अडत नाही, तुमची काळजी त्यात मिटते. मात्र खाजगी कॉलेजात भरमसाट फी भरून बी.प्लॅनिंग करायला मी सांगणार नाही, आणि त्यासाठी वावर गहाण टाकायला तर अजिबात नाही. वर्षाचं घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि ती ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असेल, तर 2024 च्या शासन निर्णयानुसार राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. एमएचटी-सीईटीवरचा सिव्हिलचा प्रवेश याच प्रक्रियेतून होतो, म्हणून सिव्हिलच्या बाजूनं हा मोठा मुद्दा आहे.

नोकरीचं म्हणाल तर नगर रचना विभागात सहायक नगर रचनाकाराची पदं एमपीएससीतून भरतात. स्थापत्य, वास्तुशास्त्र, नियोजन अशा पदव्या त्याला चालतात. जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, त्यामुळे त्या एकाच पदावर डोळा ठेवून बसू नये. नगरपरिषदा, प्राधिकरणं, सल्लागार कंपन्या यांना नकाशाचं काम येणारी माणसं लागतात. आणि नागपुरात दोन संस्था अशा आहेत की त्यांच्याकडे आपल्या मुलांचं लक्षच जात नाही: राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. एक देशभरच्या मातीचा अभ्यास करते, दुसरी उपग्रहाच्या चित्रांवरून राज्याचे नकाशे तयार करते. तिला एकदा तिथं घेऊन जा.

ही आवड टिकणारी आहे की तुरीच्या रागातून आलेली, हे तुम्हाला पाहायचं असेल तर परीक्षा झाल्यावर तिला एक काम द्या. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. त्यावर तिनं गावठाण, ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन, पांदण रस्ते, नाले आणि नवे लेआऊट वेगवेगळ्या रंगांत भरावेत. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर जमीन वापराचे नकाशे दिसतात. ते शेजारी ठेवून काय बदललं ते पाहावं. पांदणीवर कोणाचं कुंपण आलं, नाल्याचं पाणी आता कुठं वळतं, हे तिनं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावं. मग वाशिमला नगर रचना कार्यालयात जाऊन विचारावं की आपल्या भागाला प्रादेशिक योजना लागू आहे का आणि त्यात आपल्या गावावर कोणता रंग आहे. हे सगळं करताना ती कंटाळली नाही तर आवड टिकणारी आहे असं समजा.

तुमच्या नाल्यासाठी मात्र तिच्या पदवीची वाट पाहू नका. मंजूर लेआऊटच्या नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा आणि नाल्याचा अडथळा दाखवून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

जेईईचा फॉर्म भरताना पेपर 2बीवर खूण करायला विसरू नका. मुलं नुसता इंजिनीअरिंगचा पेपर 1 भरून मोकळी होतात आणि वर्ष जातं. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी हे आत्ताच काढायला घाला. जूनमध्ये सेतू केंद्रावर फार गर्दी होते.