विधानसभेने संमत केलेले विधेयक विधान परिषद कायमचे अडवू शकते का?

नाही, महाराष्ट्राची विधान परिषद असे विधेयक फक्त लांबणीवर टाकू शकते. संविधानाच्या अनुच्छेद १९७ नुसार परिषदेने ते फेटाळले, तीन महिने मंजूर न करता ठेवले किंवा विधानसभेला अमान्य असलेल्या दुरुस्त्या सुचवल्या, तर विधानसभा ते पुन्हा संमत करून परिषदेकडे पाठवू शकते. दुसऱ्या खेपेस परिषदेच्या हाती एकच महिना उरतो आणि त्यानंतर विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानले जाते. संसदेसारखी, मतभेद मिटवण्यासाठी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही, त्यामुळे ७८ सदस्यांच्या परिषदेचा विरोध २८८ सदस्यांच्या विधानसभेपुढे अखेर टिकत नाही. धन विधेयकाबाबत (म्हणजे कर, सरकारी खर्च अशा विषयांवरील विधेयकाबाबत) तर परिषदेला जेमतेम चौदा दिवस मिळतात, तेही केवळ शिफारशींसाठी. मात्र मुळात परिषदेत मांडलेले विधेयक विधानसभेने फेटाळल्यास ते तिथेच संपते.