वाचकांचे प्रश्न : ओलाव्याने घट्ट होणारे इपॉक्सी

प्रश्न : हवेतील ओलाव्याने घट्ट होणारे, एकाच डब्यात येणारे इपॉक्सी मी वापरले. पत्र्यावरचा पातळ थर दोन दिवसांत कडक झाला. पण काँक्रीटच्या खोल भेगेत भरलेला माल आठवडा उलटला तरी आतून मऊ आहे, वर मात्र टणक पापुद्रा आला आहे. ओलावा हा तर इपॉक्सीचा शत्रू, असे ऐकत आलो आहे. मग येथे तो हार्डनरचे काम कसे करतो? आणि ही भेग आणखी किती दिवसांत सुकेल?

उत्तर : तुम्ही ऐकलेले खोटे नाही, पण ते दोन डब्यांच्या इपॉक्सीला लागू पडते, ज्यात मूळ रेझिन एका डब्यात आणि ते घट्ट करणारा हार्डनर दुसऱ्या डब्यात असतो. तेथे हार्डनरमधील अमाइन (रेझिनला जोडून ते कडक करणारे नायट्रोजनयुक्त संयुग) मोकळे असते आणि दमट हवेत ते कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून लेपावर चिकट, पांढुरका थर आणू शकते. तुमच्या डब्यात बहुधा हेच अमाइन किटिमाइनच्या रूपात बांधून ठेवलेले असावे. प्राथमिक अमाइनची कीटोनशी (ॲसिटोनच्या जातीच्या द्रवाशी) अभिक्रिया घडवून त्यातून निघणारे पाणी काढून टाकले की किटिमाइन तयार होते, आणि ते कोरडे असेपर्यंत रेझिनच्या फारसे वाटेला जात नाही. पाणी मिळताच ही अभिक्रिया उलटते, अमाइन सुटते आणि रेझिनला जोडू लागते.

तुमच्या भेगेचे दुखणे येथेच आहे. पाणी बाहेरून आत झिरपले पाहिजे आणि सुटलेला कीटोन आतून बाहेर उडून गेला पाहिजे. मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन वापरला असेल, तर दर 18 ग्रॅम पाण्यामागे सुमारे 100 ग्रॅम कीटोन सुटतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 117 अंश सेल्सिअस असल्याने तो सावकाशच उडतो. त्यात वरचा पापुद्रा आधी घट्ट होऊन दोन्ही वाटा अडवतो. ढोबळमानाने जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. मऊ माल खरवडून काढावा आणि भेग दोन डब्यांच्या इपॉक्सीने भरावी. उथळ खड्डा असता, तर पातळ थर एकावर एक देऊन भागले असते. घाई करण्यासाठी मालात पाणी ढवळण्याचा मोह टाळावा, कारण तो असमान घट्ट होतो आणि कीटोन आतच अडकतो.

ओलावा हवेतला हवा, पृष्ठभागावरचा नव्हे. ओल्या काँक्रीटवर पकड कच्ची राहते. कोरड्या हवेत काम लांबते, आणि तापमान 10 अंशांखाली गेल्यास अमाइन व रेझिन यांची अभिक्रियाच मंदावते. सुटणारी वाफ ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत नसावी आणि हवा खेळती असावी.

एकाच डब्यातले प्रत्येक इपॉक्सी या जातीचे नसते. डायसायनडायअमाइड हा हार्डनर आधीच मिसळलेले इपॉक्सी सुमारे 160 ते 180 अंशांच्या उष्णतेने घट्ट होते, तर इपॉक्सी एस्टर (इपॉक्सी व तेलातील आम्ले यांपासून केलेले रेझिन) हवेतील ऑक्सिजनने वाळते. तेव्हा डब्यावरील माहिती आधी वाचावी. उरलेला माल मोठ्या डब्यात तसाच ठेवू नये, कारण वरच्या मोकळ्या जागेतील दमट हवा त्यावर साय धरते. तो कोरड्या, लहान डब्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे.