न्याहारीला धान्य नको, मग काय? : वाचकांचे प्रश्न

मुलाचं धान्य बंद झालं की पोहे, उपमा, शिरा, इडली, घावन, भाकरी, पोळी हे सगळं एका सकाळीत स्वयंपाकघरातून जातं. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न त्या रिकाम्या जागेबद्दलचे आहेत. उत्तरांत वाटी म्हणजे १५० मिलीची आमटीची वाटी आणि चमचा म्हणजे पोह्याचा चमचा धरावा.

सहा वर्षांच्या मुलीला सिलिॲक असल्याचं निदान झालं. गहू बंद करायला सांगितलाय, पण धोका नको म्हणून आम्ही सगळीच धान्यं बंद केली. ती कंटाळलीय. काय द्यावं? — एक वाचक, पुणे

आधी सगळी धान्यं परत सुरू करता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. सिलिॲक म्हणजे ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्यात चालत नाही ते फक्त ग्लूटेन, आणि ते गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. रवा, मैदा, शेवया, दलिया, खपली हे सगळे गहूच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांत ते नसतं. दुसरं काही कारण नसेल तर मुलीचे पोहे आणि भाकरी उगाच गेली आहेत.

खरा धोका धान्यात नसतो, गिरणीत असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्याच्या दगडात आणि पिशवीत राहतो आणि तुमच्या ज्वारीत उतरतो. ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे चिमूटभर कणीकही फार झाली. घरघंटी असेल तर ती फक्त बिनगव्हाच्या धान्यांसाठी ठेवा. नसेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरमध्ये दळा आणि चाळा. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणीही वेगळी हवी, कारण चाळणीच्या जाळीतली कणीक धुऊन पुरती जात नाही.

घरात दुसरं मूल असेल आणि त्याचीही तपासणी व्हायची असेल, तर रक्ततपासणीआधी त्याचा गहू बंद करू नका. गहू थांबला की प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येतो.

मुलगा पाच वर्षांचा. ॲलर्जीच्या तपासासाठी सहा आठवडे तांदळासकट सर्व धान्यं बंद आहेत. सासूबाई म्हणतात, उपासाचं सगळं चालेल. तेच देतोय, पण शाळेत दहा वाजता भूक लागते म्हणतो. — एक वाचक, सातारा

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. उपासाला चालतं ते सगळं धान्यमुक्त नसतं. वरई, म्हणजे भगर, हे बारीक दाण्याचं तृणधान्यच आहे, उपासाच्या यादीत असलं तरी. विकतच्या उपासाच्या भाजणीत बहुतेक वेळा वरई असतेच. या दोन्ही गोष्टी आजच बंद करा, नाहीतर सहा आठवड्यांचा तपास फुकट जाईल. राजगिरा आणि कुट्टू ही गवतवर्गातली धान्यं नाहीत, पण वापर धान्यासारखा होतो म्हणून काही डॉक्टर तीही बंद ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी राजगिरा धरलाय की सोडलाय, हे स्पष्ट विचारून घ्या. शिंगाडा, रताळं, बटाटा, सुरण, साबुदाणा ही धान्यं नव्हेत.

आता दहाच्या भुकेचं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. खिचडीत जी काही प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटाची, आणि कूट कमी घातलं तर तीही कमी. म्हणून उपासाचा पदार्थ आठवड्यातून दोनदा पुरे. रोजचा कणा डाळीचा किंवा अंड्याचा हवा. दीडशे ग्रॅम मुगाच्या डाळीत साधारण ३६ ग्रॅम प्रथिनं असतात. तिची आठ धिरडी झाली तर दोन धिरड्यांत नऊ ग्रॅम आले. वर वाटीभर दही दिलं की मूल जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतं. दूध आणि दाणे ॲलर्जीच्या यादीत नसतील तरच, हे वेगळं सांगायला नको.

साबुदाण्याच्या दिवशी एका वाटी साबुदाण्याला पाऊण वाटी कूट घाला. गोळा होत असेल तर भिजवण्यात चूक आहे. दोन पाण्यांतून धुऊन वरची पूड घालवायची, मग दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकंच पाणी ठेवून चार-पाच तास. दाणा बोटांत दाबला तर आत कडक कणी लागू नये. झाकण ठेवून वाफ दोनच मिनिटं.

मुगाची धिरडी तव्याला चिकटतात, उलटताना तुटतात. तांदूळ घालायचा नाही, मग ती जमणार कशी? — एक वाचक, नागपूर

तांदूळ नसला की पिठाला कुरकुरीतपणा कमी येतो, पण धिरडं तुटायचं कारण तांदूळ नसतं. बहुतेक वेळा पाणी असतं.

एक वाटी पिवळी मुगाची डाळ तीन तास भिजवा, त्याहून जास्त नको. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेली डाळ आंबते, पीठ फसफसतं आणि धिरड्याला कड येत नाही. भिजलेली डाळ चाळणीत पूर्ण निथळू द्या. वाटताना फक्त पाव वाटी पाणी, तेही थोडं थोडं. आलं अर्धा इंच, जिरे अर्धा चमचा. पीठ बोटांना खरखरीत लागता कामा नये, कारण भरड राहिलेली कणी उलटताना चिरते. आता पळीवाढं होईल इतकं पाणी घाला: पळी वाकडी केली की पीठ तुटक पडू नये, धार धरून पडावं. मीठ शेवटी.

तव्याचं पाहा. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरून उडायला हवा. थेंब नुसता बसून राहिला तर तवा थंड आहे, आणि पीठ चिकटतं ते याच वेळी. उलट पसरताना पीठ पळीबरोबर गोळा होऊन येत असेल तर तवा फार तापलाय. पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्याने पुसा. लोखंडी तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवावा. मधून बाहेर गोल पसरा, कडेने अर्धा चमचा तेल सोडा आणि हात लावू नका. कड आपोआप सुटून वर आली की उलटायचं. घाई केली की मधला भाग तव्यावर राहतो. पहिलं धिरडं बिघडलं तर ते तव्याच्या खात्यात टाका.

बेसनाच्या पोळ्याला वेगळी काळजी. एक वाटी बेसन, हळूहळू घातलेलं पाऊण ते एक वाटी पाणी, चिरलेला कांदा-कोथिंबीर, ओवा, आणि वीस मिनिटं विसावा. विसावा न दिलेलं पीठ आतून कच्चट राहतं. मंद आचेवर झाकण ठेवून एक बाजू तीन मिनिटं, दुसरी दोन. पोळा खाऊन पोट दुखतं अशी तक्रार असेल तर बेसन बदलण्याआधी आच कमी करून पाहा. आणि ॲलर्जीचं मूल असेल तर सुट्या बेसनापेक्षा घरी डाळ दळा, गिरणीचं वर सांगितलंच आहे.

आम्ही अंडी खात नाही. शिंगाड्याच्या पिठाची थालीपीठं गरम असताना बरी लागतात, डब्यात दगड होतात. डब्याला काय द्यावं? — एक वाचक, बेळगाव

शिंगाड्याचं पिष्ट थंड झालं की घट्ट होतं, त्यावर इलाज नाही. ते घरीच, गरम खायचं. एक वाटी पीठ, एक मोठा उकडून किसलेला बटाटा, तीन चमचे कूट, जिरं, मीठ, आणि मळायला गरम पाणी. गार पाण्याने मळलं की थापताना चिरा पडतात. राजगिरा चालत असेल तर निम्मं शिंगाडा, निम्मं राजगिरा घ्या. राजगिऱ्याच्या पिठाला चिकटपणा असतो, म्हणून थालीपीठ वळतं. अंड्याऐवजी धरून ठेवायला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालता येते.

डब्यासाठी हिरव्या मुगाचा ढोकळा. एक वाटी अख्खे मूग रात्रभर भिजवा आणि निथळून कमी पाण्यात घट्ट वाटा. इडलीच्या पिठाहून किंचित दाट हवं. दोन मोठे चमचे दही (किंवा एक चमचा लिंबाचा रस), आलं, मीठ. कुकरमध्ये पाणी उकळायला लागल्यावर, थाळीला तेल लावून झाल्यावरच, सपाट एक चमचा फ्रूट सॉल्ट घालून एका दिशेने ढवळा आणि लगेच थाळीत ओता. ढोकळा बसतो तो इथेच. सोडा घातल्यावर पीठ पाच मिनिटं ओट्यावर राहिलं की वायू निघून जातो. शिटी काढून १५ मिनिटं वाफवा, पाच मिनिटं निवू द्या, मगच कापा. फोडणीत दोन मोठे चमचे पाणी आणि लिंबू घालून वरून ओता, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहतो. सोबत तिळाची चटणी द्या. नाचणी बंद झाल्यावर गेलेलं थोडं कॅल्शियम तिळातून परत येतं.

चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा अख्खा मखाना देऊ नका, घशात अडकतो. कूट किंवा पूड द्यावी.

धान्य कुठे कुठे लपलेलं असतं? — एक वाचक, ठाणे

पहिला हिंग. डबीतला पिवळा हिंग शुद्ध नसतो. त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. फोडणीत चिमूटभर म्हणून कुणी पाहत नाही, आणि घरातल्या प्रत्येक भाजीत तोच. मेतकुटात डाळींबरोबर तांदूळ आणि गहू असतात. आपल्याकडचं सातूचं पीठ बहुधा गहू किंवा जव आणि डाळव्याचं. बिहारकडचं सत्तू मात्र फुटाण्याचं, नावं सारखी म्हणून गल्लत करू नका. बेकिंग पावडरीत मक्याचं पिष्ट असतं, कस्टर्ड पावडर तर मुख्यतः तेच. साध्या फ्रूट सॉल्टमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं, ते चालतं. दुधात घालायच्या पुडीवर ‘माल्ट’ लिहिलं असेल तर तो मोड आणलेला जव.

नऊ वर्षांच्या मुलाला क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा दीर्घ आजार) आहे. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट’ सुरू केलंय. वरचे मुगाचे पदार्थ चालतील का? — एक वाचक, बडोदा

नाही. या आहारात धान्यांबरोबर बटाटा, साबुदाणा, साखर आणि साधं दूधही बंद असतं. कडधान्यांतला हरभरा आणि मूगसुद्धा बंद. म्हणजे बेसन गेलं. मसूर चालतो, पण तोही आजार आटोक्यात आल्यावर, रात्रभर भिजवून ते पाणी फेकून. न्याहारीला उरतं ते अंडं, पिकलेलं केळं आणि बदाम.

सालीवर काळे ठिपके पडलेलं एक केळं कुस्करा, दोन अंडी फेटून घाला, तीन मोठे चमचे सोललेल्या बदामांची पूड, चिमूटभर मीठ. तुपावर, अगदी मंद आचेवर, तळहाताहून लहान पुडे घाला. मोठा घातला तर तो उलटताना तुटणारच, कारण धरून ठेवायला अंड्याशिवाय काही नाही. केळ्यातली साखर लवकर जळते, म्हणून पुडा बाहेरून काळा आणि आत ओला असेल तर आच कमी करा, वेळ वाढवा. दही चालतं ते २४ तास लावलेलं, ४० अंशांच्या आसपास ऊब टिकवून. इतक्या वेळात दुधातली साखर जवळजवळ संपते. आठ तासांचं नेहमीचं दही इथे चालत नाही.

फिट्ससाठी मुलगी किटोजेनिक आहारावर आहे. यातलं काही देऊ का? — एक वाचक, कोल्हापूर

देऊ नका. त्या आहारात एक ग्रॅम प्रथिनं-कर्बोदकांमागे तीन किंवा चार ग्रॅम स्निग्ध असं वजनाने ठरवलेलं असतं. अर्धं केळंही ते गणित मोडतं. तुमच्या आहारतज्ज्ञांनी ग्रॅममध्ये लिहून दिलेलाच पदार्थ द्या आणि औषधाच्या सिरपमध्ये साखर आहे का, तेही त्यांना विचारा.

नातवाला धान्य सोडून सगळं चालतं, पण त्याला कांदेपोहेच हवेत. काही करता येईल? — एक आजी, रत्नागिरी

आजी, फ्लॉवरचे करा. पाव किलो फ्लॉवर धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडा करून मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा. मिक्सरमध्ये घातलात तर पिठलं होईल. तीन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, मूठभर दाणे तांबूस होईपर्यंत, मग कांदा, हळद, शेवटी कीस. मोठ्या आचेवर चार मिनिटं परता. झाकण ठेवायचं नाही, वाफ कोंडली की फ्लॉवरचा उग्र वास उतरतो. मीठ गॅस बंद करताना, आधी घातलं तर पाणी सुटतं. वर लिंबू, कोथिंबीर आणि ओलं खोबरं भरपूर, कारण नुसत्या फ्लॉवरने पोट भरत नाही. पोहे म्हणून पहिल्या दिवशी फसणार नाही तो, पण दाणे वेचून खाता खाता बशी संपते.