उरलेल्या गोळ्या

प्रश्न: वय ६७, बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचं दुखणं. महिन्यातून दोन-तीनदा तीन-चार तास हृदय वेडंवाकडं धडधडतं. मुलगी म्हणते, अॅब्लेशन (शिरेतून नळी घालून हृदयातली ठोके बिघडवणारी जागा निकामी करणं) करून टाक. हे म्हणतात, हृदयाला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी निर्णय आमच्यावर सोडलाय. रक्त पातळ करणारी अपिक्साबॅन मी धडधड झाली की घेते, रोज घेतली तर हिरड्यांतून रक्त येतं. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या गोळ्या अजून पुरताहेत. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, अॅब्लेशनचं नंतर बघू. मला त्या उरलेल्या गोळ्यांची धास्ती वाटतेय. दिवसाला दोन म्हणजे दोन महिन्यांच्या १२० गोळ्या. त्या उरल्या, म्हणजे तितके दिवस तुम्ही लकव्याच्या झटक्यापुढे उघड्या होतात. मी रागावलेय, आणि तो राग काळजीपोटी आहे.

ही गोळी धडधडीवर नाहीच. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मग डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं आणि तिथे गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की झटका. कित्येकदा ठोके बिघडलेले असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. कधी गुठळी आधीच धरलेली असते आणि ठोके ताळ्यावर आल्यावर सुटते. गोळीचा असर साधारण दिवसभरात ओसरतो, म्हणून ती रोज, दोन वेळा. तुमचं वय आणि बीपी पाहता ती ऐच्छिक नाही. तिच्याऐवजी अॅस्पिरिन चालत नाही.

आणि तुम्ही हे डॉक्टरांना सांगितलेलं दिसत नाही. गोळी नियमित चालू आहे असं धरून त्यांनी ठोके सुधारायला विजेचा झटका दिला किंवा अॅब्लेशनला घेतलं, आणि आत गुठळी असली तर? म्हणूनच त्याआधी किमान तीन आठवडे एकही गोळी न चुकवता घ्यावी लागते, नाहीतर अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नाही याची खात्री करतात.

तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करा आणि म्हणा, “मी गोळी रोज घेत नव्हते, हिरड्यांतून रक्त येतं.” ते सांगतील तशी आजपासून सुरू करा. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या; पुढच्या वेळी दोन एकदम नाहीत. गुडघ्यांसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असाल तर तेही सांगा, रक्त बहुधा त्यानेच जास्त येत असेल. मऊ ब्रश घ्या, दातांवरचं कीटण काढून घ्या. हिरड्यांतलं थोडं रक्त सोसण्यासारखं आहे. पण शौच डांबरासारखं काळं झालं किंवा डोक्याला मार लागला तर थेट इस्पितळ. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर एक मिनिटही थांबायचं नाही.

अॅब्लेशनबद्दल मुलीचं म्हणणं मला पटतं. दुखणं जुनं होऊन ठोके कायमचे बिघडण्याआधी केलेलं जास्त लागू पडतं. पण त्यानंतरही निदान दोन-तीन महिने गोळी असतेच, आणि पुढे ती ठेवायची की नाही हे वय आणि बीपी पाहून ठरतं, धडधड थांबली म्हणून नव्हे. गोळीतून सुटका म्हणून अॅब्लेशन करणार असाल तर करू नका.

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा, रोज वहीत लिहा. ठोके अनियमित असतात, त्यामुळे १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो. तीन आठवड्यांनी ती वही आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवा, आणि मग अॅब्लेशनची तारीख विचारा.